शिशाची साक्ष



रसायनशास्त्राच्या प्रत्येक प्रयोगशाळेत, मग ती एखाद्या लहान गावातील शाळेची असो वा मोठ्या विद्यापीठाची असो, भिंतीवर एक तक्ता टांगलेला असतो. त्यात मूलद्रव्यांची चिन्हे चौकटी आखून मांडलेली असतात व प्रत्येक चिन्हाखाली एक संख्या छापलेली असते. हायड्रोजनखाली 1.008, ऑक्सिजनखाली 15.999, क्लोरीनखाली 35.45, शिशाखाली 207.2. या संख्यांना अणुभार म्हणतात. विद्यार्थी त्या पाठ करतो, गणितात वापरतो आणि परीक्षा संपली की विसरतो. त्या कोणी ठरविल्या, कशा ठरविल्या व त्या कायमच्या आहेत काय, हे प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाहीत. डोंगराची उंची किंवा नदीची लांबी जशी निसर्गानेच ठरवून दिलेली असते, तशाच या संख्याही असणार, असे सर्वजण गृहीत धरतात.

हे गृहीत शंभराहून अधिक वर्षे जगातील श्रेष्ठ रसायनशास्त्रज्ञांनीही धरले होते. त्याच्या आधारावर त्यांनी एक संपूर्ण शास्त्र उभारले. पुढे 1914 साली, ज्या माणसाने आपले सारे आयुष्य या संख्यांची स्थिरता सिद्ध करण्यात घालविले होते, त्याच्याच तराजूने हे गृहीत सर्वत्र खरे नसल्याची साक्ष दिली. ती साक्ष शिसे या जड, मऊ आणि काहीशा उपेक्षित धातूची होती. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हीच कथा आहे.

कथेचा आरंभ इंग्लंडमधील मँचेस्टर या शहरात होतो. तेथे जॉन डाल्टन नावाचा एक शिक्षक राहत असे. हा विणकराचा मुलगा होता व क्वेकर पंथात वाढला होता. सर्व पदार्थ अणूंचे बनलेले आहेत, ही कल्पना त्या वेळी नवी नव्हती. ती ग्रीसमध्ये होती आणि भारतात कणादांच्या वैशेषिक दर्शनातही होती. डाल्टनचे नावीन्य निराळे होते. एका मूलद्रव्याचे सर्व अणू एकसारखे असतात, त्यांचे वजनही एकच असते आणि निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या अणूंची वजने निरनिराळी असतात, असे त्याने प्रतिपादन केले. अणू दिसत नाही, हातात घेता येत नाही, तेव्हा त्याचे वजन करणार कसे? डाल्टनचे उत्तर असे होते की, एकट्या अणूचे वजन करण्याची गरजच नाही. एकाच्या तुलनेत दुसरा किती पट जड आहे, एवढे कळले तरी पुरे. हायड्रोजन सर्वांत हलका, म्हणून त्याचे वजन 1 मानावे व इतरांचे त्याच्या पटीत सांगावे. 1803 साली त्याने अशा सापेक्ष वजनांची पहिली यादी तयार केली.

या पद्धतीत एक मोठी अडचण होती. पाण्यात वजनाने एक भाग हायड्रोजन व आठ भाग ऑक्सिजन असतो, हे आज ठाऊक आहे. डाल्टनच्या काळी हे प्रमाण इतके अचूक कळलेले नव्हते, पण अडचण तीच होती. पाण्याच्या एका कणात हायड्रोजनचा एक अणू असेल तर ऑक्सिजनचा अणुभार 8 होतो. दोन असतील तर तो 16 होतो. तराजू केवळ प्रमाण सांगतो, अणूंची संख्या सांगत नाही. डाल्टनने एकास एक असे मानले व ते चुकीचे ठरले. पुढील पन्नास वर्षे हा गोंधळ चालूच राहिला. कोणी ऑक्सिजनला 8 म्हणत, कोणी 16 म्हणत. एकाच पदार्थाची सूत्रे वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळी छापली जात. अखेर 3 सप्टेंबर 1860 रोजी जर्मनीतील कार्ल्सरूए येथे युरोपातील रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तीन दिवस चर्चा झाली, पण एकमत झाले नाही. परिषद संपता संपता इटलीतील स्तानिस्लाओ कान्नीत्सारो याची एक छोटी पुस्तिका उपस्थितांना वाटण्यात आली. त्याच्याच देशातील आव्होगाद्रो याने 1811 साली मांडलेल्या व विस्मृतीत गेलेल्या तत्त्वाच्या साहाय्याने अणूंची संख्या व म्हणून अणुभारही निश्चित कसे करावेत, हे तिच्यात स्वच्छ शब्दांत सांगितले होते. ती पुस्तिका घेऊन घरी परतणाऱ्यांमध्ये एक तरुण रशियन होता. त्याचे नाव दिमित्री मेंडेलेव्ह. नऊ वर्षांनी, 1869 मध्ये, त्याने अणुभारांच्या चढत्या क्रमानेच मूलद्रव्यांची आवर्त सारणी रचली. कोणते अणुभार चुकले असावेत हेही त्याने त्या सारणीवरून ओळखले व युरेनियमचा भार 120 वरून 240 वर नेला. भिंतीवरील त्या साध्या संख्यांत निसर्गाची रचना दडलेली आहे, हे आता सर्वांना पटले.

परंतु त्या रचनेचा अर्थ काय होता? याविषयी एक मोहक तर्क फार पूर्वीच करण्यात आला होता. लंडनमधील विल्यम प्राउट या वैद्याने 1815 साली एका निनावी लेखात दाखविले की, अनेक अणुभार हायड्रोजनच्या भाराच्या पूर्ण पटीत येतात. मग सर्व मूलद्रव्ये हायड्रोजनचीच बनलेली नसतील काय? कार्बन 12, नायट्रोजन 14, ऑक्सिजन 16, हे आकडे या तर्काला पोषक होते. क्लोरीन मात्र अडून बसला होता. कितीही वेळा वजन केले तरी तो 35 नाही आणि 36 नाही; 35.5 च्या आसपासच येई. स्वीडनचा बर्झेलियस या तर्काच्या विरुद्ध होता. बेल्जमचा जाँ सर्व्हे स्तास हा तर आरंभी प्राउटचा पक्षपाती होता. तर्क खरा ठरावा या इच्छेनेच त्याने 1860 च्या सुमारास अत्यंत शुद्ध चांदी तयार करून तोपर्यंत कोणी केली नव्हती इतकी काटेकोर मोजणी केली. ती पूर्ण झाल्यावर त्याने प्रामाणिकपणे जाहीर केले की, प्राउटचा तर्क हा निव्वळ भ्रम आहे. स्वतःच्या आवडत्या मताविरुद्ध स्वतःच्याच तराजूची साक्ष मान्य करण्याचा हा या कथेतील पहिला प्रसंग. तो शेवटचा नव्हे.

अणुभार ही केवळ विद्वानांच्या चर्चेची गोष्ट राहिली नव्हती. खनिजात धातू किती आहे, खतात पोटॅश किती आहे, नाण्यात चांदी किती आहे, हे रासायनिक पृथक्करणाने ठरते आणि पृथक्करणाच्या प्रत्येक हिशेबात अणुभार येतो. विकणाऱ्याचा रसायनज्ञ एक तक्ता वापरू लागला व घेणाऱ्याचा दुसरा, तर एकाच मालाचे दोन निष्कर्ष निघणार. अमेरिकेतील फ्रँक विगल्सवर्थ क्लार्क याने उपलब्ध सर्व मोजण्या गोळा करून 1882 साली त्यांची नव्याने आकडेमोड केली. पुढे 1899 मध्ये या कामासाठी आंतरराष्ट्रीय समितीची स्थापना झाली. देशोदेशींच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून एकच तक्ता प्रसिद्ध करावा व सर्वांनी तोच वापरावा, असा हा उपक्रम होता. दोन महायुद्धे आली आणि गेली, राज्ये बदलली, परंतु ते काम अद्याप चालू आहे. ‘प्रमाण अणुभार’ या शब्दांमागे एवढा इतिहास आहे.

याच काळात या क्षेत्रात थिओडोर विल्यम रिचर्ड्स हे नाव पुढे आले. त्यांचा जन्म 1868 साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाजवळ झाला. वडील सागरदृश्ये रंगविणारे चित्रकार होते आणि आई कवयित्री होती. तिनेच मुलाला घरी शिकविले. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जोसाया कुक यांनी एका उन्हाळ्यात त्या लहान मुलाला दुर्बिणीतून शनीची कडी दाखविली होती. पुढे त्याच कुक यांच्या हाताखाली रिचर्ड्स यांनी हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या भारांचे प्रमाण मोजले व वयाच्या विसाव्या वर्षी डॉक्टरेट मिळविली. तेथून त्यांचे सारे आयुष्य तराजूपाशी गेले.

रिचर्ड्स यांच्या कामाचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात चमत्कार असा काहीच नव्हता. होती ती केवळ शंका घेण्याची सवय. एखादा क्षार वजन करण्यासाठी बाटलीत घालताना तो हवेतील ओलावा शोषतो. ती आर्द्रता डोळ्यांना दिसत नाही, पण तराजूला कळते. म्हणून त्यांनी असे उपकरण तयार केले की, क्षार कोरड्या वायूच्या प्रवाहात तापवावा आणि नळीतच ढकलून बाटलीत बंद करावा. बाहेरच्या हवेचा स्पर्श त्याला होऊच नये. क्लोराइडच्या द्रावणात चांदीचा क्षार घातला की पांढरा साका तळाशी बसतो. परंतु त्याचा अत्यल्प अंश पाण्यात विरघळून राहतो व मोजणीतून निसटतो. तो पकडण्यासाठी त्यांनी द्रावणाचा धुरकटपणा प्रकाशात तोलून पाहणारे दुसरे उपकरण बनविले. या पद्धतींनी तपासणी केली असता स्तासचे आकडेदेखील किंचित चुकलेले आढळले. त्याच्या परमशुद्ध चांदीत थोडा ऑक्सिजन दडून राहिला होता. त्यामुळे चांदीचा अणुभार 107.93 वरून 107.88 वर आला. हा फरक दोन हजारांत एका भागाएवढा असेल; परंतु इतर अनेक अणुभार चांदीच्या आधारे ठरविलेले असल्यामुळे पाया हलताच इमारतीचे मजलेही हलले. रिचर्ड्स यांनी स्वतः पंचवीस मूलद्रव्यांचे भार नव्याने ठरविले.

आणखी एक शंका त्यांनी तपासून पाहिली. एकाच मूलद्रव्याचा भार सगळीकडे सारखाच असतो काय? त्यांनी जर्मनीतील तांब्याची अमेरिकेतील तांब्याशी तुलना केली, फरक आढळला नाही. त्यांच्या सहकाऱ्यांनी तर उल्कांमधील लोखंड तपासले. आकाशातून पडलेले लोखंड आणि पृथ्वीवरील लोखंड यांचा भार एकच निघाला. डाल्टनचे गृहीत शंभर वर्षांनंतर अधिकच भक्कम झाल्यासारखे दिसत होते.

नेमक्या याच वेळी किरणोत्सर्गाच्या अभ्यासातून एक विलक्षण कोडे पुढे आले. युरेनियम व थोरियम ही मूलद्रव्ये आपोआप फुटतात, त्यांतून कण बाहेर पडतात आणि एका मूलद्रव्यातून दुसरे निर्माण होते, हे आता सिद्ध झाले होते. या परिवर्तनांत जे अनेक नवे पदार्थ सापडले, त्यांपैकी काही रासायनिक दृष्ट्या परस्परांपासून कोणत्याही उपायाने वेगळे करता येईनात, जरी त्यांचे किरणोत्सर्गी गुणधर्म निराळे होते. ग्लासगो येथील फ्रेडरिक सॉडी यांनी 1913 साली असे मत मांडले की, हे पदार्थ आवर्त सारणीत एकाच स्थानी बसतात; ते एकच मूलद्रव्य असून केवळ त्यांच्या अणूंचे भार भिन्न आहेत. मार्गारेट टॉड या स्नेही डॉक्टर महिलेने त्यांना यासाठी एक ग्रीक शब्द सुचविला. मराठीत त्याला ‘समस्थानिक’ म्हणतात.

हे मत खरे की खोटे, हे ठरविण्याची एक सरळ कसोटी होती व ती शिशापाशी येऊन थांबत होती. युरेनियमच्या परिवर्तनमालेचा शेवट शिशात होतो, असा तर्क अमेरिकेतील बोल्टवुड यांनी पूर्वीच केला होता. युरेनियमचा अणू सुमारे 238 भाराचा. त्यातून आठ अल्फा कण बाहेर पडतात, प्रत्येकाचा भार 4. म्हणजे 32 वजा जाऊन उरलेल्या शिशाचा भार 206 असला पाहिजे. थोरियमचा भार 232. त्यातून सहा अल्फा कण जातात, म्हणजे 24 वजा जाऊन 208 उरतो. आणि खाणीतील सामान्य शिशाचा भार तर 207 च्या थोडा वर. तेव्हा युरेनियमच्या खनिजातील शिसे हलके व थोरियमच्या खनिजातील शिसे जड निघाले, तर समस्थानिकांची कल्पना खरी; सर्व शिसे सारखेच निघाले, तर ती खोटी.

कसोटी सोपी असली तरी ती घेण्यास सक्षम असे हात जगात फार थोडे होते. कार्ल्सरूए येथील काझिमीर फायान्स यांनी आपला विद्यार्थी माक्स लेम्बर्ट याला हार्वर्डला रिचर्ड्स यांच्याकडे पाठविले. सिलोनपासून कोलोराडोपर्यंत व कॉर्नवॉलपासून बोहेमियातील योआखिमस्तालपर्यंतची किरणोत्सर्गी खनिजे गोळा करण्यात आली. त्यांतील शिसे वेगळे काढून, पुनःपुन्हा शुद्ध करून, त्याचे क्लोराइड बनवून ते चांदीशी तोलण्यात आले. तीच बाटली, तोच तराजू, तीच दक्षता. सामान्य शिशाचा भार 207.15 आला. योआखिमस्तालच्या शिशाचा 206.57 आला. उत्तर कॅरोलिनातील युरेनियम खनिजाच्या शिशाचा तर केवळ 206.40 आला. मोजणीतील चूक दुसऱ्या दशांश स्थानाच्या पलीकडे जात नव्हती; हा फरक तिच्या अनेक पट होता. शिसे अशुद्ध असेल काय, म्हणून त्याचा वर्णपट पाहण्यात आला. तो सामान्य शिशाच्या वर्णपटाहून यत्किंचितही निराळा नव्हता. रासायनिक दृष्ट्या ते शिसेच होते. परंतु त्याचे अणू हलके होते.

त्याच सुमारास व्हिएन्ना येथे ओटो ह्योनिगश्मिड आणि श्टेफानी होरोविट्झ यांनी स्वतंत्रपणे हेच काम केले. ह्योनिगश्मिड यांनी पूर्वी रिचर्ड्स यांच्या प्रयोगशाळेतच धडे घेतले होते. होरोविट्झ या वॉर्साच्या ज्यू कुटुंबातील तरुण संशोधिका होत्या. खनिजांतून शिसे वेगळे काढून शुद्ध करण्याचे कष्टाचे काम त्यांनी केले. त्यांचा आकडा 206.74 च्या जवळ आला. पुढे नॉर्वेतील अधिक शुद्ध खनिजातून त्यांनी काढलेल्या शिशाचा भार 206.06 भरला, म्हणजे भाकीत केलेल्या 206 ला तो जवळजवळ भिडला. उलट सिलोनमधील थोराइट या थोरियमच्या खनिजातून सॉडी यांनी मिळविलेल्या शिशाचा भार 207.7 च्या वर गेला. या संशोधिकेचे नाव पुढे बहुतेक पाठ्यपुस्तकांतून गळून पडले. 1942 साली ट्रेब्लिंका येथील नाझी मृत्युछावणीत त्यांचा अंत झाला. शास्त्राच्या इतिहासात ज्यांचे ऋण मोठे व उल्लेख थोडा, अशांमध्ये होरोविट्झ यांची गणना केली पाहिजे.

रिचर्ड्स यांच्या बाबतीत हा प्रसंग कसा होता, याचा विचार करण्यासारखा आहे. अणुभार ही निसर्गातील अत्यंत मूलभूत व अढळ राशी आहे, या श्रद्धेने त्यांनी पंचवीस वर्षे परिश्रम केले होते. 1914 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्याबद्दल मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. आणि त्याच वर्षी त्यांच्याच प्रयोगशाळेतून असा निष्कर्ष बाहेर पडला की, शिशाचा अणुभार अढळ नाही. शिसे कोठून आणले यावर तो अवलंबून आहे. तो निष्कर्ष त्यांनी दडविला नाही किंवा सौम्यही केला नाही. उलट त्यांनी पुढे जाऊन या दोन शिशांची घनता मोजली. सामान्य शिशाची घनता 11.34 व नॉर्वेतील युरेनियमी शिशाची 11.27 निघाली. भार जितका कमी, घनताही नेमकी तितकीच कमी. म्हणजे दोन्ही प्रकारचे अणू जागा सारखीच व्यापतात, केवळ वजनात भेद आहे. स्तासप्रमाणेच रिचर्ड्स यांनीही आपल्या तराजूचा शब्द आपल्या मतापेक्षा मोठा मानला.

हा अपवाद केवळ किरणोत्सर्गी खनिजांपुरता आहे, असे काहींना वाटले. ते समाधानही फार दिवस टिकले नाही. केंब्रिज येथे फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी 1919 मध्ये अणूंना त्यांच्या वजनानुसार वेगळे करणारे उपकरण पूर्ण केले. विद्युत व चुंबकीय क्षेत्रांतून जाताना हलके अणू अधिक वळतात, जड अणू कमी वळतात; छायाचित्रपट्टीवर प्रत्येकाची वेगळी रेषा उमटते. त्यात क्लोरीनच्या दोन रेषा दिसल्या, एक 35 ची व दुसरी 37 ची. 35.5 वजनाचा क्लोरीनचा अणू कोणी पाहिलाच नव्हता, कारण तसा अणू नव्हताच. तीन हलके व एक जड या सुमाराचे मिश्रण तेवढे होते आणि शंभर वर्षे रसायनशास्त्रज्ञ त्या मिश्रणाची सरासरी मोजत आले होते. प्राउटचा तर्क, ज्याला स्तासने भ्रम म्हटले होते, तो काही अंशी खरा ठरला. एकेका अणूचा भार पूर्णांकाच्या अगदी जवळ असतो. मात्र स्तासची मोजणीही खोटी ठरली नाही. दोघेही निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते, एवढेच.

आता अणुभाराचा अर्थच बदलला. तो एका अणूचा भार राहिला नाही. निसर्गात त्या मूलद्रव्याचे जे मिश्रण आढळते, त्याची ती सरासरी ठरली. मूलद्रव्याची ओळखही अणुभारावरून निघून अणुक्रमांकाकडे, म्हणजे अणुकेंद्रावरील विद्युतभाराकडे गेली. ज्या संख्येच्या आधारे मेंडेलेव्हने आपली सारणी रचली, ती संख्या सारणीचा खरा पाया नव्हती, तर पायाची पडछाया होती.

मोजमापाच्या एककालाही या बदलाची झळ लागली. ऑक्सिजनचा भार 16 धरून सर्व तक्ते बनविले जात असत. 1929 मध्ये ऑक्सिजनचेही 17 व 18 भारांचे समस्थानिक सापडले. रसायनशास्त्रज्ञ नैसर्गिक ऑक्सिजनच्या मिश्रणाला 16 म्हणत राहिले, तर भौतिकशास्त्रज्ञ केवळ त्याच्या सर्वांत हलक्या समस्थानिकाला 16 म्हणू लागले. दोन शास्त्रांच्या दोन मापट्ट्या झाल्या. त्यांत दहा हजारांत सुमारे तीन भागांचा फरक होता. तीस वर्षांनी तोडगा निघाला. 1961 सालापासून कार्बनच्या 12 भाराच्या समस्थानिकाला नेमके 12 मानून सर्व अणुभार सांगितले जातात. दोन्ही पक्षांना आपापले आकडे थोडे सोडावे लागले आणि म्हणूनच समेट टिकला.

तरीही शिशाने विचारलेला प्रश्न शिल्लकच होता. मिश्रण ठिकठिकाणी बदलत असेल, तर एक प्रमाण आकडा कसा देणार? मोजण्याची साधने जसजशी सूक्ष्म झाली, तसतसे आढळून आले की, हा दोष एकट्या शिशाचा नाही. समुद्राचे पाणी व ध्रुवाकडील बर्फ यांतील हायड्रोजनचा भार अगदी सारखा नसतो, कारण बाष्पीभवनात हलके रेणू आधी उडतात. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक, सर्वांचीच ही कथा आहे. माणसाने त्यात स्वतःची भर घातली. लिथियमचा हलका समस्थानिक उष्माकेंद्रकीय अस्त्रांसाठी काढून घेण्यात आला व उरलेले लिथियम बाजारात आले. त्यामुळे प्रयोगशाळेतील बाटलीतल्या लिथियमचा भार तिच्यावरील चिठ्ठीशी जुळेलच, अशी खात्री राहिली नाही.

आंतरराष्ट्रीय आयोगाने 2009 साली यावर धाडसी निर्णय घेतला. हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन, क्लोरीन यांसह दहा मूलद्रव्यांचे प्रमाण अणुभार एका संख्येने सांगण्याऐवजी दोन संख्यांच्या मर्यादेत सांगावेत, असे ठरले. हायड्रोजनची मर्यादा 1.00784 ते 1.00811 आहे, लिथियमची 6.938 ते 6.997. पुढे ब्रोमीन, मॅग्नेशियम व आर्गॉन यांची भर पडली. आणि 2020 मध्ये पुनर्विचार होऊन या यादीत शिसेही आले. त्याची मर्यादा 206.14 ते 207.94 अशी आहे. रिचर्ड्स, होरोविट्झ आणि सॉडी यांनी तराजूवर जे दाखविले, ते एकशे सहा वर्षांनी अधिकृत तक्त्यात उतरले. शाळेच्या तक्त्यावर सोयीसाठी 207.2 हाच आकडा असतो व तो तेथे योग्यच आहे. मात्र त्यामागे ही मर्यादा उभी आहे, हे जाणून असावे.

कोणी म्हणेल की, स्थिर संख्या गेली आणि अस्थिर मर्यादा हाती आली, यात शास्त्राचा लाभ काय? लाभ पुष्कळ आहे. जो फरक पूर्वी मोजणीतील उपद्रव वाटे, तोच आज साक्षीदार झाला आहे. युरेनियमचे शिशात रूपांतर ठरावीक गतीने होते; म्हणून खडकातील निरनिराळ्या शिशांचे प्रमाण म्हणजे एक घड्याळच होय. याच घड्याळावरून अमेरिकेतील क्लेअर पॅटरसन यांनी 1956 साली, उल्कांमधील शिसे तपासून, पृथ्वीचे वय सुमारे 455 कोटी वर्षे असल्याचे निश्चित केले. हे काम करताना त्यांना आढळले की, प्रयोगशाळेतील हवेत, पाण्यात, धुळीत, सगळीकडे शिसे आहे आणि ते त्यांच्या मोजणीत शिरते आहे. त्याचा माग काढत ते पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या शिशापर्यंत पोहोचले. त्यांनी 1965 पासून उघडपणे इशारा दिला. संबंधित उद्योगांचा रोष त्यांनी पत्करला. अनेक वर्षांच्या वादानंतर देशोदेशी ते शिसे पेट्रोलमधून काढून टाकण्यात आले. भारतात हे 2000 साली घडले आणि 2021 मध्ये अल्जीरियाने ते बंद केल्यावर मोटारींचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून संपले. लहान मुलांच्या मेंदूला अपाय करणारे हे विष शोधून काढण्यात त्या सूक्ष्म तराजूच्या परंपरेचा वाटा होता.

घरगुती उदाहरण पाहावयाचे तर मधाचे पाहावे. मधमाश्या ज्या फुलांतून मकरंद गोळा करतात, त्यांपैकी बहुतेक वनस्पतींच्या व उसाच्या कार्बनमध्ये समस्थानिकांचे प्रमाण किंचित वेगळे असते, कारण या दोन प्रकारच्या वनस्पती हवेतील कार्बन निराळ्या मार्गांनी ग्रहण करतात. मधात उसाची साखर मिसळली असेल, तर चव व रंग फसवू शकतात; कार्बनचा भार फसवीत नाही. भारतातही मधाची अशी तपासणी केली जाते. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम असते व त्यापासून झालेले शिसे जड असते. तेथील वाळूचा कण कोट्यवधी वर्षांचा आपला इतिहास त्या वजनात सांभाळून असतो.

हे काम अजून संपलेले नाही. आयोग ठरावीक काळाने भरतो, नव्या मोजण्या तपासतो आणि तक्त्यातील एखादा दशांश बदलतो. 2024 मध्ये झिर्कोनियम, गॅडोलिनियम व ल्युटेशियम या तिघांचे आकडे सुधारण्यात आले. या बातम्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येत नाहीत, त्यांसाठी कोणी सभाही भरवीत नाही. परंतु औषधाची मात्रा, धातूची शुद्धता, खताची प्रत, या सर्वांचा हिशेब शेवटी याच आकड्यांवर उभा असतो.

डाल्टनपासून आजपर्यंत या कथेत ज्यांनी भर घातली, त्यांची मते परस्परविरोधी होती; कित्येकांची मते चुकीचीही ठरली. तरी त्यांच्या मोजण्या वाया गेल्या नाहीत. प्राउटचा तर्क मोडला व पुन्हा उभा राहिला. स्तासचा निकाल बदलला, पण त्याने घालून दिलेली मोजणीची शिस्त टिकली. रिचर्ड्स यांची श्रद्धा ढळली, पण त्यांचे आकडे कामी आले. ज्याने प्रामाणिकपणे वजन केले, त्याचे काम त्याच्या मतापेक्षा अधिक काळ जगले. पुढच्या वेळी एखाद्या विद्यार्थ्याची दृष्टी त्या भिंतीवरील तक्त्याकडे गेली आणि शिशाच्या चौकटीवर क्षणभर थांबली, तर एवढे त्याच्या लक्षात यावे की, 207.2 हा आकडा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पुष्कळ माणसांनी काळजीपूर्वक दिलेली व अद्याप चालू असलेली ती साक्ष आहे.